कळप वावरात दिसून राहिला अन् प्रोग्रॅम ‘फॉल्स’ म्हणतो: दर हंगामात येणारा घोळ आणि त्याचा उपाय

लक्षण असं असते. ढोरांच्या गळ्यात जीपीएस कॉलर बांधल्या, धुऱ्यानं (बांधानं) चालून वावरांच्या हद्दी मोबाईलवर काढल्या, एसडब्ल्यूआय प्रोलॉग या तर्काच्या प्रोग्रॅमिंग भाषेत नियम लिहिले, उन्हाळ्यात रिकाम्या वावरात फिरून तपासलं तेव्हा सगळं बरोबर चाललं. मग पावसाळा लागतो, पऱ्हाटी (कपाशी) कमरेला येते, गायकी (गुराखी) सकाळी आखरावरून कळप घेऊन जंगलाकडं निघतो, आणि संध्याकाळी प्रोग्रॅमला विचारलं का आज कळप या वावरात शिरला का, तर उत्तर येते फॉल्स, म्हणजे ‘खोटं’. नकाशा उघडून पाहावं तर ठिपका वावराच्या मधोमध. कोणी म्हणते कॉलर खराब आहे, कोणी म्हणते प्रोलॉग अशा कामाचं नाही, आणि बरेच जण शेवटी कंटाळून सातत्याचा नियमच (मधला टप्पा गाळून उडी मारता येत नाही, हा) काढून टाकतात. मग फॉल्स येणं थांबते खरं, पण त्यानंतर प्रोग्रॅम जे सांगतो त्याच्यावर विसंबून काहीच करता येत नाही. तो नियम काढू नका, एवढ्यासाठीच हे सविस्तर लिहून राहिलो.

यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवड्याकडून मारेगाव-वणीपर्यंत जंगलाला लागून वावरं आहेत, तिथं हा प्रश्न नुसता कॉम्प्युटरचा नाही. “तुह्या ढोरायनं माही पऱ्हाटी खाल्ली” इथून भांडण सुरू होते ते कोंडवाड्यापर्यंत जाते. कोंडवाड्याचे नियम ज्या कायद्यात आले तो कॅटल ट्रेसपास ॲक्ट १८७१ चा आहे, म्हणजे भांडण किती जुनं आहे पाहा. आता त्या भांडणात कोणी मोबाईल काढून प्रोग्रॅमचं उत्तर दाखवत असेल तर ते उत्तर बरोबर पाहिजे, कारण समोर उभा असलेल्या गायक्याला प्रोलॉग काय असते हे माहीत नसते आणि तो त्या उत्तराशी वाद घालू शकत नाही.

आता नियम काय म्हणतो ते पाहू. गावात कोणी अक्षांश-रेखांश विचारत नाही, विचारतात का कळप धुऱ्याला टेकला का, अर्धा आत गेला का, पुरा आत होता का. नेमकं हेच शब्दांत पकडायचं गणित रँडेल, कुई आणि कोन यांनी १९९२ मध्ये मांडलं, त्याला आरसीसी (रीजन कनेक्शन कॅल्क्युलस) म्हणतात, आणि त्यातल्या आठ संबंधांच्या संचाला आरसीसी-८. दोन जागा एकमेकींपासून सुट्या, बाहेरून टेकलेल्या, काही भाग एकमेकींवर, एक दुसरीच्या आत पण काठाला टेकून, एक दुसरीच्या पूर्ण आत, या शेवटच्या दोघांचे उलटे, आणि दोन्ही अगदी एकच. आपला कळप साधारण वावराहून लहान असतो म्हणून पाच संबंधांवर काम भागते.

दुसरी गोष्ट म्हणजे शेजार. ख्रिस्तियन फ्रेक्सा यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला काळाच्या संबंधांसाठी ही कल्पना मांडली का जे बदल सलग होतात त्यात एका संबंधातून फक्त त्याच्या शेजारच्या संबंधातच जाता येते, मधला संबंध गाळून उडी मारता येत नाही. तीच गोष्ट जागेला लागू होते. वावराबाहेरचं ढोर धुऱ्याला न टेकता वावरात जाऊ शकत नाही. हे लिहिलं तर असं होते (`:-` म्हणजे ‘जर’, `\+` म्हणजे ‘सिद्ध होत नाही’):

```
शेजार(दूर, टेकून).
शेजार(टेकून, अर्धवट).
शेजार(अर्धवट, आतून_टेकून).
शेजार(आतून_टेकून, पूर्ण_आत).

पाऊल(_क, _ख) :- शेजार(_क, _ख).
पाऊल(_क, _ख) :- शेजार(_ख, _क).

चुकलं(_अ, _ब) :-
    नंतर(_प, _फ),
    दिसलं(_अ, _ब, _प, _क),
    दिसलं(_अ, _ब, _फ, _ख),
    _क \= _ख,
    \+ पाऊल(_क, _ख).

शिरला(_अ, _ब) :-
    \+ चुकलं(_अ, _ब),
    दिसलं(_अ, _ब, _, पूर्ण_आत).
```

आणि कॉलरकडून आलेली माहिती अशी (प्रोलॉगमध्ये अशा नोंदीला फॅक्ट म्हणतात):

```
नंतर(प१, प२).
दिसलं(कळप, वावर, प१, दूर).
दिसलं(कळप, वावर, प२, पूर्ण_आत).
```

पहिल्या फिक्सला (जीपीएसनं जागेची घेतलेली एक नोंद) कळप दूर, दुसऱ्याला पूर्ण आत. हे दोन शेजारी नाहीत, म्हणून ‘चुकलं’ खरं ठरते, म्हणून ‘शिरला’ खोटं ठरते. प्रोग्रॅम लिहिल्याप्रमाणंच चालून राहिला, त्याच्यात बग नाही.

मुळाशी जाण्याआधी तीन साध्या गोष्टी तपासून घ्या, कारण कधीकधी घोळ तेवढ्यातच असतो. एक, वेळ. जीपीएस वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) येते, आपली घड्याळं साडेपाच तास पुढं, आणि अर्धी फाईल एका वेळेत अन् अर्धी दुसऱ्या वेळेत असली तर ‘नंतर’ची सगळी साखळी उलटीसुलटी होते. कॉलर नेटवर्क नसताना फिक्स साठवून ठेवते आणि नंतर एकदम पाठवते, म्हणून माहिती पोचल्याची वेळ धरू नका, कॉलरनं नोंदवलेली वेळच धरा. दोन, ‘ऱ’ हे अक्षर. पऱ्हाटी, धुऱ्यावर, दऱ्या, आपल्याकडं हे अक्षर पावलोपावली आहे आणि युनिकोडमध्ये ते दोन तऱ्हेनं लिहिता येते, एकसंध अक्षर म्हणून किंवा ‘र’ला खाली नुक्ता जोडून. स्क्रीनवर दोन्ही सारखं दिसते, पण प्रोलॉगच्या लेखी ते दोन वेगळे ॲटम (नावं), ते कधी जुळणार नाहीत, आणि जुळलं नाही का उत्तर फॉल्स. हद्दीची फाईल एकानं मोबाईलवर अन् नियम दुसऱ्यानं लॅपटॉपवर टाईप केले असतील तर इथंच आधी पाहा, नाहीतर फाईल वाचतानाच सगळा मजकूर एका रूपात आणून घ्या. तीन, व्हेरिएबल. देवनागरीत कॅपिटल अक्षर नाही, म्हणून देवनागरी नावाचं व्हेरिएबल अंडरस्कोरनंच सुरू करावं लागते, आणि अशा व्हेरिएबलला एकदाच वापरल्याची वॉर्निंग येत नाही. ‘_वावर’ च्या जागी ‘_वावार’ टाईप झालं तर प्रोलॉग एक शब्द बोलत नाही, नियम मात्र भलताच होऊन बसतो. म्हणून नावं छोटी ठेवा, एकाक्षरी ठेवली तर उत्तम.

हे तिन्ही ठीक असेल आणि तरी फॉल्स येत असेल तर मग खरं कारण एकच आहे. सातत्याचा नियम सलग काळाबद्दल बोलतो आणि तुमच्याकडं सलग काळ नाही, तुटक फिक्स आहेत. कॉलरची बॅटरी पुरावी म्हणून दर पाच मिनिटांनी एक फिक्स ठेवलेला असतो, काही ठिकाणी त्याहून विरळ. ढोर चालत असलं तर ताशी चार किलोमीटर धरा, पाच मिनिटांत ते सव्वातीनशे-साडेतीनशे मीटर जाते. दोन एकर वावर म्हणजे सुमारे ८,१०० चौरस मीटर, चौकोनी असलं तर एक बाजू साधारण ९० मीटर. म्हणजे दोन फिक्सच्या मधल्या वेळात कळप अख्खं वावर आरपार पार करून पलीकडच्या पांदणीला लागू शकतो आणि फाईलमध्ये फक्त ‘दूर, दूर’ एवढंच दिसेल. उन्हाळ्यात टेस्ट बरोबर आली त्याचं कारणही हेच, तेव्हा माणूस हळूहळू धुऱ्यानं चालत होता आणि मोबाईल दर दोन-चार सेकंदाला फिक्स घेत होता, त्यामुळं मधला प्रत्येक संबंध पकडला गेला.

म्हणजे ‘दूर’नंतर लगेच ‘पूर्ण आत’ दिसणं ही चूक नाहीच. त्याचा अर्थ एवढाच का मधल्या वेळात टेकणं, अर्धवट असणं हे सगळं झालं पण कोणी पाहिलं नाही. तेव्हा नियमाला विचारायचा प्रश्न बदला. ‘हे दोन शेजारी आहेत का’ हा प्रश्न फक्त सलग पाहणीला शोभतो. आपला प्रश्न आहे ‘या दोघांच्या मधून वाट कशी गेली असेल’.

```
वाट(_क, _क, [_क]).
वाट(_क, _ख, [_क|_बाकी]) :-
    पाऊल(_क, _म),
    वाट(_म, _ख, _बाकी).
```

इथं बहुतेकांना दुसरा झटका बसतो. ‘दूर’पासून ‘पूर्ण आत’ची वाट विचारली का पहिलं उत्तर पटकन येते, वाटते झालं काम. मग उलटं विचारलं, ‘पूर्ण आत’पासून ‘दूर’, तर प्रोग्रॅम लटकून बसतो आणि थोड्या वेळानं स्टॅक लिमिट संपल्याचा एरर. कारण प्रोलॉग खोलात खोलात जाते अन् ‘शेजार’ची सुलटी दिशा आधी वापरते. ‘पूर्ण आत’ वरून ‘आतून टेकून’ वर आलं का तिथून सुलट दिशेनं परत ‘पूर्ण आत’, पुन्हा ‘आतून टेकून’, असंच चालू राहते, ‘दूर’कडं वळायची पाळीच येत नाही. जाताना उत्तर आणि परतताना लटकणं, हे दिसलं का समजून घ्या का याच जागेवर आहात.

यावर सगळीकडं सांगितलेला उपाय म्हणजे जिथं जाऊन आलो त्या संबंधांची यादी ठेवायची आणि तिथं पुन्हा जायचं नाही. त्यानं लटकणं थांबते. पण आपल्या कामात तो एकटा उपाय धोक्याचा आहे, आणि हे नीट समजून घ्या, कारण यातूनच खोटे रिपोर्ट निघतात. ‘दूर’ अन् पाच मिनिटांनी पुन्हा ‘दूर’, याची वाट त्या पद्धतीनं विचारली तर एकच उत्तर येते, कळप हललाच नाही. आत जाऊन, चरून, बाहेर निघाला ही शक्यता प्रोग्रॅमला दिसतच नाही, कारण त्यात ‘दूर’ दोनदा येते. म्हणजे जी गोष्ट शोधायला सगळा खटाटोप केला तीच नियमानं गाळून टाकली.

म्हणून दोन वेगळे प्रश्न, दोन वेगळे नियम. नक्की काय झालं असलंच पाहिजे, आणि कदाचित काय झालं असेल. ‘नक्की’साठी परत न फिरणारी वाट:

```
आहे(_क, [_क|_]).
आहे(_क, [_|_बाकी]) :- आहे(_क, _बाकी).

नक्की(_क, _क, _, [_क]).
नक्की(_क, _ख, _ग, [_क|_बाकी]) :-
    पाऊल(_क, _म),
    \+ आहे(_म, _ग),
    नक्की(_म, _ख, [_म|_ग], _बाकी).
```

बोलावताना तिसऱ्या जागी सुरुवातीचा संबंध यादीत टाकून द्यायचा, `नक्की(दूर, पूर्ण_आत, [दूर], _व)` असं. आपल्या पाच संबंधांची साखळी सरळ आहे, तिला फाटे नाहीत, म्हणून अशी वाट एकच निघते आणि तिच्यातला प्रत्येक संबंध कळपानं पार केलाच असला पाहिजे. आरसीसी-८ चे आठही संबंध घेतले तर फाटे फुटतात, तिथं सगळ्या वाटा काढून सगळ्यांत सामाईक असलेले संबंध तेवढे ‘नक्की’ म्हणायचे.

‘कदाचित’साठी आधीचाच ‘वाट’ नियम चालते, फक्त त्याला मापाची यादी आधीच द्या म्हणजे तो तेवढ्याच लांबीत शोधतो आणि थांबतो:

```
?- वाट(दूर, दूर, [_, _, _]).
?- वाट(दूर, दूर, [_, _, _, _, _, _, _, _, _]).
```

पहिल्यात तीन जागा आहेत, म्हणजे धुऱ्याला टेकून परत. दुसऱ्यात नऊ, तेवढ्यात पूर्ण आत जाऊन परत येणंही बसते. आपल्या साखळीत नऊच्या पुढं जायची गरज नाही, कुठल्याही दोन टोकांच्या मधे कुठलाही संबंध घडू शकतो का हे नऊ जागांत कळते. यादी लांब केली तर त्याच त्या येरझारा वाढतात, नवीन काही हाती लागत नाही.

आता प्रत्येक ‘दूर, दूर’ जोडीला ‘कदाचित शिरला’ म्हणत बसलं तर दिवसभराचा रिपोर्ट त्यानंच भरून जाईल अन् ज्याच्याशी भांडण आहे तो म्हणेल पाहा, कॉम्प्युटरच म्हणून राहिला शिरला असेल. हे गायक्यावर अन्याय करणारं आहे. म्हणून शक्यता कापायला अंतर वापरा. टॉर्स्टन हॅगरस्ट्रँड या स्वीडिश भूगोलतज्ज्ञानं १९७० मध्ये मांडलेला हा विचार आहे: दोन ठिकाणं, दोन वेळा आणि जास्तीत जास्त वेग माहीत असला का मधल्या वेळात माणूस कुठंकुठं पोचू शकतो याची हद्द ठरते. पहिल्या फिक्सला कळप धुऱ्यापासून २०० मीटर, दुसऱ्याला १५० मीटर. धुऱ्याला टेकून यायला कमीत कमी ३५० मीटर चालावं लागेल. मधल्या वेळात ढोर तेवढं जाऊच शकत नसेल तर ‘शक्य नाही’ असं ठामपणे लिहा. वेग मात्र चरत्या ढोराचा धरू नका, बिचकून पळत सुटलेल्या ढोराचा धरा, आणि जीपीएसची चूक दोन्ही अंतरांतून वजा करा, तेव्हाच ‘शक्य नाही’ या शब्दाला वजन राहील. हा हिशोब प्रोलॉगच्या बाहेर करून त्याचं `पोचू_शकते(कळप, वावर, प१, प२)` असं साधं फॅक्ट आत टाकलं तरी पुरते.

हाच घोळ दुसऱ्या रूपातही येते. काही जण आत-बाहेर न पाहता जवळ येणं आणि दूर जाणं पाहतात, म्हणजे निको व्हॅन डी वेघे यांनी २००४ च्या पीएचडीत मांडलेला क्यूटीसी (क्वालिटेटिव्ह ट्रॅजेक्टरी कॅल्क्युलस). त्यात दोन हलत्या वस्तू घेतात, पांदणीवरचा ट्रॅक्टर आणि कळप समजा, आणि प्रत्येकीसाठी एक खूण: दुसरीकडं येत असेल तर उणे, दूर जात असेल तर अधिक, दोन्ही नसेल तर शून्य. उणे उणे म्हणजे दोघंही एकमेकांकडं येऊन राहिले, उणे अधिक म्हणजे एक पाठलागावर आणि दुसरा पळतो आहे. तिथंही उण्यावरून अधिकवर थेट जाता येत नाही, मधे शून्य लागते, आणि पाच मिनिटांच्या फिक्समध्ये ते शून्य कधीच सापडत नाही. लक्षण तेच, उपायही तोच.

त्या शून्याबद्दल आणि ‘टेकून’बद्दल आणखी एक सांगतो, कारण वाट काढल्यावर लोक मधल्या संबंधांना वेळ वाटून देतात. पाच मिनिटांत तीन मधले संबंध, म्हणजे टेकून इतकी मिनिटं, अर्धवट इतकी मिनिटं. असं करू नका. अँटनी गॅल्टन यांनी १९९५ पासून २००० पर्यंत यावर बारीक काम केलं आहे. काही संबंध एका क्षणापुरतेच खरे असू शकतात आणि काहींना थोडा तरी काळ लागतोच. ‘दूर’ संपून ‘अर्धवट’ सुरू होताना ‘टेकून’ हा नुसता एक क्षण असू शकतो, उंबरठा ओलांडतानाचा असतो तसा. कळप धुऱ्याला टेकून दहा मिनिटं उभाही राहू शकतो अन् क्षणात पारही होऊ शकतो. वाट तुम्हाला क्रम सांगते. किती वेळ, हे त्यात नाही, आणि पिकाच्या नुकसानाचा अंदाज जर वेळेवरून काढत असाल तर हा फरक पैशात मोजला जातो.

धुऱ्यावर थांबलेल्या कळपाचा त्रास निराळा. मोकळ्या आभाळाखाली साध्या मोबाईलचा जीपीएससुद्धा चार-पाच मीटर इकडंतिकडं दाखवतो, सागाच्या झाडाखाली त्याहून जास्त, आणि आपला धुरा असतो हात-दोन हात रुंद. ढोर बसून रवंथ करून राहिलं तरी फाईलमध्ये आत, बाहेर, आत, बाहेर, आणि प्रोग्रॅम दर वेळी नवीन घुसखोरी मोजतो. शिवाय अंतर बरोबर शून्य असं मोजमापात कधीच येत नाही, म्हणजे ‘टेकून’ हा संबंध कोरडा गणिती ठेवला तर तो आयुष्यात एकदाही मिळणार नाही. धुऱ्याला दोन्ही बाजूंनी पट्टा द्या. दहा मीटर आत गेल्याशिवाय ‘आत’ म्हणायचं नाही, एकदा आत म्हटलं का दहा मीटर बाहेर आल्याशिवाय ‘बाहेर’ म्हणायचं नाही. हे काम फॅक्ट बनवतानाच करा, तर्काच्या नियमांत घुसवू नका, तिथं ते गुंतागुंत वाढवते आणि फायदा काही नाही. वावरं अगदी अरुंद असतील, वाटणीत पट्ट्या पडलेल्या असतील, तर दहा मीटर फार होतात, अशा ठिकाणी मी तर म्हणतो का कॉलरच्या भरवशावर निकाल देऊच नका.

कळपाचा आकार कसा काढता तेही पाहा. सगळ्या कॉलरचे ठिपके घेऊन बाहेरून दोरी ताणल्यासारखा बहुभुज काढायची पद्धत सोपी आहे, पण कळप वावराला वळसा घालून पांदणीनं गेला, पुढची ढोरं पूर्वेला अन् मागची पश्चिमेला, तर तो बहुभुज वावराचा बराच भाग पोटात घेतो आणि प्रोग्रॅम ‘अर्धवट’ म्हणतो जेव्हा एकाही ढोरानं धुरा ओलांडलेला नसतो. त्यापेक्षा प्रत्येक कॉलर वेगळी धरा अन् प्रत्येकीसाठी बाहेर, धुऱ्यावर, आत एवढंच विचारा. फॅक्ट वाढतात पण उत्तर खरं येते. ज्या ढोरांना कॉलर नाही त्यांच्याबद्दल प्रोग्रॅम काहीच सांगत नाही, हे रिपोर्टात वरतीच लिहा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. नाल्यात उतरल्यावर किंवा दाट झाडीत गेल्यावर कॉलर गप्प होते. त्या वेळचं एकही ‘दिसलं’ फॅक्ट नाही. आणि प्रोलॉगचं `\+` म्हणजे ‘सिद्ध करता आलं नाही’, कीथ क्लार्क यांनी १९७८ मध्ये याचा नीट अर्थ लावून दिला तो हाच. ‘नाही’ आणि ‘माहीत नाही’ यात ते फरक करत नाही. `\+ दिसलं(कळप, वावर, प५, पूर्ण_आत)` हे कळप खरंच बाहेर असताना खरं ठरते आणि कॉलर गप्प असतानाही तितकंच खरं ठरते. ज्याच्या वावरातली पऱ्हाटी खाल्ली गेली त्याला आपण सांगून मोकळे का कळप आलाच नाही. म्हणून ‘बाहेर होता’ हे कधीही `\+` नं काढू नका, त्यासाठी ‘दूर’ असं पाहिलेलं फॅक्ट पाहिजे. ज्यांना हे जास्त स्वच्छ लिहायचं आहे त्यांनी आन्सर सेट प्रोग्रॅमिंगकडं, म्हणजे तर्काचे नियम लिहायच्या दुसऱ्या पद्धतीकडं जावं, त्यासाठीचं पॉट्सडॅम विद्यापीठातलं क्लिंगो हे सॉफ्टवेअर मोफत आहे, त्यात ‘नाही हे माहीत आहे’ आणि ‘आहे असं माहीत नाही’ यांना दोन वेगळ्या खुणा आहेत. मधल्या न दिसलेल्या वेळांचे संबंधही ते स्वतः भरून सगळ्या शक्यता मांडून दाखवते. मेहुल भट्ट, जे-ही ली आणि कार्ल शुल्ट्झ यांनी २०११ मध्ये सीएलपी-क्यूएस म्हणून प्रोलॉगवरच जागेच्या संबंधांची चौकट मांडली, त्यात आकार आणि अंतरं तर्काच्या आतच हाताळता येतात, पण गावातल्या जुन्या लॅपटॉपवर एवढ्या कामासाठी वरचे छोटे नियम पुरतात.

रिपोर्टात मग चारच शब्द ठेवा. नक्की, कदाचित, शक्य नाही, माहीत नाही. प्रत्येकासमोर दोन फिक्सच्या वेळा आणि मधलं अंतर मिनिटांत लिहा. मधला खंड अर्ध्या तासाहून मोठा असला तर वाट काढूच नका, थेट ‘माहीत नाही’, कारण अर्ध्या तासात ढोर कुठंही जाऊन येऊ शकते आणि तिथं ‘कदाचित’ म्हणणंही आरोप केल्यासारखंच होते. ज्यांनी मागच्या हंगामात सातत्याचा नियम काढून टाकून किंवा फक्त परत न फिरणारी वाट वापरून रिपोर्ट दिले असतील त्यांनी कॉलरच्या जुन्या फाईलींवर हे नियम पुन्हा चालवून पाहावेत, आणि ज्या दिवसाचं उत्तर बदलेल तो दिवस वावराच्या मालकाला आणि गायक्याला, दोघांनाही समोर बसवून सांगावा.